मुरमातलं कमळ

नगरकडे खड्डा घ्यायचा तर आधी पहार शोधावी लागते. हातभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली दगड. परसात एखादा पेरू लावलेला माणूसही हे सांगेल. पंडित नेहरूंना ते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कळलं.

ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण इथे आणून कोंडले. सुरुवातीला पत्र नाही, वर्तमानपत्र नाही. नेहरूंनी अंगणात बाग करायला घेतली, तर जमिनीत पडक्या इमारतींचा राडारोडा ठासून भरलेला. निजामशाही किल्ला तो. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले. एकदा तर भिंतीवर कोरलेलं सुरेख दगडी कमळ निघालं. आणखी खोल जावंसं कुणालाही वाटेल, पण कैद्यांनी खोल खणत जावं हे कुठल्या तुरुंगाधिकाऱ्याला रुचेल? मग एप्रिल 1944 मध्ये नेहरूंनी फावडं ठेवलं आणि लेखणी घेतली. सप्टेंबरपर्यंत हाताने लिहिलेली सुमारे हजार पानं तयार होती. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभीच हा किल्ला आणि ही खोदाई येते. जमीन भुसभुशीत असती तर नगरला झकास फुलं फुलली असती, आणि पुस्तक कदाचित वेगळ्याच जागी सुरू झालं असतं.

पण या बारा जणांतले मला जास्त जवळचे वाटतात ते मौलाना आझाद. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांचा संसार. दिवसभर चिवचिवाट, टेबलावर काड्या आणि कचरा. एवढा मोठा विद्वान, कुराणाचा भाष्यकार. तो छत्री घेऊन चिमण्यांवर चाल करून गेला! छत्री पुरेना, तेव्हा बांबू आला. चिमण्या जात आणि परत येत. शेवटी मौलानांनीच हत्यार टाकलं, दाणे टाकायला सुरुवात केली, आणि हळूहळू पाखरं हातावर येऊन बसू लागली. त्यांची नावंही ठेवली: कुणी मुल्ला, कुणी कलंदर, कुणी मोती. ही सगळी लढाई मौलानांनी एका मित्राला पत्रांतून लिहिली, तीही पहाटे उठून, स्वतः केलेला बिनदुधाचा चिनी चहा घेत. पत्रं टाकायची सोयच नव्हती. ती साठत गेली आणि 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापून आली. उर्दू गद्यात आजही त्या पुस्तकाचं नाव अदबीने घेतात. पोस्टाची पेटी हाताशी असती तर मौलानांनी चार ओळींत खुशाली कळवली असती, असा माझा आपला अंदाज.

आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, हरेकृष्ण महताब यांचंही लेखन याच भिंतींआड चाललं होतं. त्यावरून ‘तुरुंगवास लेखकाला मानवतो’ असं कुणी म्हणू लागलं की मात्र मला राग येतो. एप्रिल 1943 मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपणात त्यांना भेटता यावं म्हणून सरकारपुढे हात पसरायला मौलाना तयार नव्हते. शेवटची भेट झालीच नाही. त्यावरही त्यांनी एक पत्र लिहिलं. चिमण्यांची पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचतो. ते एकदाच वाचलं.