साडेबासष्ट तास

बँकेत काम करणाऱ्यांच्या आयुष्यात दोन प्रकारचे आठवडे असतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, बाकीच्या शनिवारी पूर्ण दिवस चालू. २०१५ च्या सप्टेंबरपासून देशभर हेच चाललंय. त्यामुळे माझ्या मांजराच्या आयुष्यातही दोन प्रकारचे वीकेंड आहेत. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला दिंद्रुड सोडलं आणि सोमवारी सकाळी नऊला परत आले, तर ती साडेअडतीस तास एकटी. शुक्रवारी निघाले तर साडेबासष्ट.

जावं लागतं. वडील गेल्यापासून आई छत्रपती संभाजीनगरच्या घरात एकटी आहे. दिंद्रुडहून तेलगाव, वडवणी, बीड करत तिकडे पोचायला चार-पाच तास लागतात, त्यामुळे रोजचं अप-डाउन शक्य नाही. पाच दिवस आई एकटी, दोन दिवस मांजर एकटं, असा माझा हिशोब आहे. आईला फोन करता येतो.

भुरी माझ्याकडे आली ती सप्टेंबरात. घरमालकीणबाईंच्या अंगणात पऱ्हाट्यांची गंजी आहे, तिच्या मागे त्यांच्या मांजरीनं पिल्लं घातली होती. त्यातलं हे एक माझ्या खोलीत येऊन झोपायला लागलं. तेव्हा ती दोन महिन्यांची असेल. सगळ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, की मांजराचं काही बघावं लागत नाही. कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं. वाडगाभर दूध आणि भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि खुशाल जायचं.

या समजुतीला इतिहास आहे. सायप्रसमध्ये सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं होतं. २००४ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. माणसानं धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यावर उंदीर आले, उंदरांवर रानमांजरं आली आणि हळूहळू राहिली. गाय-बैलांसारखं त्यांना कुणी दाव्याला बांधलं नाही. जवारीच्या कणगीभोवती फिरणाऱ्या मांजराला मालक गावी गेला काय आणि घरी असला काय, फारसा फरक पडत नसणार. पण माझ्या दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत कणगी नाही. दाराला कुलूप लावलं की आतल्या मांजराला उंदीर नाही, ओढा नाही आणि शेजारचं घरही नाही. गावातलं मोकळं मांजर आणि कुलपातलं मांजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बरं, मोकळं सोडून जावं तर रस्त्यावर ऊस वाहणारे ट्रॅक्टर आहेत, कुत्री आहेत, आणि घराघरात उंदरांसाठी ठेवलेलं विष आहे. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला की मांजरही जातं. म्हणून कुलूप.

मग मी वाचायला लागले, पशुवैद्यांना विचारायला लागले. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये. सहा महिन्यांपर्यंत त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. पोट एवढंसं, वाढ मात्र जोरात. मोठ्या, निरोगी मांजराचं एक दिवस-रात्र निभतं, पण त्यानंतर कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं. याचं कारण खाणं संपेल एवढंच नाही. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि ते जिवावर बेततं. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकता येत नाही, आतच जात राहतो. भरलेल्या वाडग्याला यातलं काहीच कळत नाही.

दूध-भाकरीचंही तसंच. मोठं होताना बहुतेक मांजरांची दूध पचवायची ताकद कमी होते, मग जुलाब लागतात. आणि टॉरीन नावाचा एक घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच यावा लागतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. भाकरीवर जगणारी गावातली मांजरं खरं तर उंदरांवर जगत असतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या वस्तूही बघितल्या. ठरलेल्या वेळी खाणं पाडणारं यंत्र आहे, मोबाईलवर मांजर दाखवणारा कॅमेरा आहे. दोन्हीला वीज लागते आणि कॅमेऱ्याला नेट. आमच्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही. आणि समजा सगळं चालू राहिलं, तरी कॅमेऱ्यात मांजर ओकताना दिसल्यावर इतक्या लांबून मी काय करणार होते?

तेव्हा प्रश्न किती तासांचा नव्हताच. कोण बघणार, एवढाच होता.

माझ्या खोलीला लागून आजींचं घर आहे. त्यांचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगलीकडे गेले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोडायचं असतं. दिवाळीनंतर इथल्या गल्ल्यांत एकेक घर बंद होत जातं ते मार्च-एप्रिलपर्यंत. बंद घरांच्या मधे अशी काही घरं असतात जिथे एक म्हातारं माणूस आणि एक-दोन शाळकरी पोरं मागे राहतात. आजींकडे त्यांचा नातू राहिला. सहावीत आहे.

तोच भुरीकडे बघायला लागला. मी विचारलं नव्हतं. पहिल्याच मोठ्या वीकेंडच्या आधी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, किल्ली द्या. मी हाय की."

भुरी लहान होती तोवर मी गेले की ती आजींच्याच घरी असायची, टोपलीत. सहा महिन्यांची झाल्यावर खोलीत राहायला लागली आणि पोरगा दिवसातून तीनदा यायला लागला. मी त्याला कागदावर लिहून दिलं: पाणी दोन ठिकाणी, जड वाडग्यात, म्हणजे लवंडणार नाही. खाणं मोजून. वाळूच्या पाटीत लघवीचे गोळे किती झाले ते मोजायचं. एकही नसेल तर लगेच फोन. सुई-दोरा, रबर, डोकेदुखीच्या गोळ्या खाली ठेवायच्या नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि आजीला सांगून दवाखान्यात जायचं. त्यानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "खेळायचं लिवलं नाही?"

ते मी लिहिलं. अर्धा तास, दोनदा.

शनिवार-रविवारी आजींच्या फोनवरून फोटो येतात. भुरी खिडकीत, भुरी पाटीत, भुरीची फक्त शेपटी. खाली व्हॉइस नोट: "दोन गोळे हायत. खाल्लंय. पाणी बदललंय." बँकेत असे नेटके रिपोर्ट मला क्वचितच मिळतात.

एका सोमवारी मी त्याला विचारलं, मी गेल्यावर ती काय करते? त्यानं तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं. "पहिल्या दिशी दाराला बसती. दुसऱ्या दिशी जरा खाती. तिसऱ्या दिशी दाराला बसत नसती."

"म्हणजे विसरते?"

"इसरत नसती. बसत नसती."

स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ साली हेच थोडं वेगळ्या रीतीनं बघितलं होतं. चौदा मांजरं, एकदा अर्धा तास एकटी, एकदा चार तास. चार तासांनंतर माणूस परतल्यावर ती जास्त गुरगुरली, जास्त आळोखेपिळोखे दिले. एकटी असतानाच्या वागण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे त्यांच्या मनातलं कळतं ते परत आल्यावरच. २०१९ साली अमेरिकेत ऑरेगन स्टेट विद्यापीठात पिल्लांना दोन मिनिटं माणसासोबत, दोन मिनिटं एकटं आणि पुन्हा दोन मिनिटं माणसासोबत ठेवलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं माणूस परत आल्यावर शांत झाली आणि पुन्हा इकडेतिकडे बघायला, खेळायला लागली. मांजर फक्त घराचं असतं हे पुरतं खरं नाही.

आमचं बोलणं ओट्यावर बसलेल्या आजी ऐकत होत्या. पोरगा आत गेल्यावर म्हणाल्या, "त्याचं बी तसंच झालं. पहिले आठ दिस फाट्याकडं बघायचा."

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. मी त्यांच्या पासबुकावर नोंदी करून आणल्या होत्या, त्या दाखवल्या.

पैसे आजी घेत नाहीत. मी एकदा पुढे केले तर त्यांनी हात असा मागे घेतला की पुन्हा धाडस झालं नाही. मग आमचा हिशोब दुसऱ्या वस्तूंत चालतो. सोमवारी मी त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणते, पोराच्या वह्या आणते, फॉर्म भरून देते. रविवारी रात्री त्याच्या आईचा फोन येतो तेव्हा त्या दोघांचं बोलणं झाल्यावर तो मला मेसेज करतो. आईनं मांजराचं विचारलं, असं.

नसबंदीसाठी भुरीला एकदाच संभाजीनगरला नेलं. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच माजावर येऊ शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं देते. बंद खोलीत एकटी राहणाऱ्या मांजरीवर ते ओझं नको होतं. पिंजऱ्यात ती वडवणीपर्यंत ओरडत होती, बीडला गप्प झाली. घरी पोचल्यावर दोन दिवस आईच्या पलंगाखालून बाहेर आली नाही. तिला दर आठवड्याला सोबत का नेत नाही, असं विचारणाऱ्या सगळ्यांना मी हे सांगते.

आईला मांजरं आवडत नाहीत. केस पडतात, आडवी जातात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाखाली एक बशी होती, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक. मी विचारलं तर म्हणाली, मी नाही ठेवला.

आता रविवारी सकाळी चहा पिताना तीच विचारते, फोटो आला का? फोटो मोठा करून बघते. मांजर बघून झालं की मागे उभा असलेला पोरगा बघते, बाही लांब आणि शर्टाचं एक बटण नाही. गेल्या रविवारी तिनं बराच वेळ फोन हातात धरला आणि विचारलं, "याची आई कधी येणार आहे?"

"मार्चअखेर," मी म्हणाले. "तिकडे किती ऊस उभा आहे त्यावर आहे."

आई उठली आणि कपाटातून जुना बटणांचा डबा काढून माझ्या बॅगेत ठेवला.