शिकली आणि शिकवले

आम्ही दोघे गेली वीस वर्षे एकाच महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकवीत आहोत. 'प्रयोग' हा विषय आम्हांला इतका पाठ की, त्यात आपण शिकण्यासारखे काही उरले असेल असे वाटतच नव्हते. गेल्या वर्षी तो आम्ही विद्यार्थ्यांवर सोपवला. एकाने फळ्याशी उभे राहून समजवायचे, बाकीच्यांनी शंका विचारायच्या, आम्ही मागच्या बाकावर बसायचे.

यात नवे काही नाही. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल याने मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतले आणि १७९७ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ती पद्धत पुढे पसरली ती थोड्या शिक्षकांत पुष्कळ मुले शिकतात म्हणून. आमची आशा वेगळी होती: जो सांगेल, त्याला स्वतःला कळेल.

सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी पुढे आली. 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने चिंच खाल्ली': क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून कर्मणी. 'शिक्षकांनी मुलांना शिकवले': येथे ते कर्त्याचेही ऐकत नाही, कर्माचेही नाही, म्हणून भावे. मग आमचाच नियम तिने लिहिला: सकर्मक क्रियापदाचा भूतकाळात कर्तरी प्रयोग होत नाही.

"मग 'ती धडा शिकली' कसे?" एकाने विचारले. "'तिने धडा शिकला' का नाही?"

ती गप्प झाली. आमच्यापैकी एकजण उठू लागला, तेव्हा दुसऱ्याने हात धरून बसवले. खरे सांगायचे तर उत्तर आम्हांलाही तयार नव्हते.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयातून मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) घेऊन आली. फळ्यावर यादी झाली: शिकणे, पिणे, बोलणे, विसरणे. 'तिने पुस्तक आणले', पण 'ती पुस्तक विसरली'. ही क्रियापदे सकर्मक असूनही कर्त्याशीच जुळतात. "यांचे फळ करणाऱ्यालाच मिळते, म्हणून असेल," तिने तर्क केला. "आंबाही खाणाऱ्याच्याच पोटात जातो की!" मागून कोणी म्हणाले. वर्ग हसला, तीही हसली. कारण सापडले नाही. पण तो नियम आता त्या वर्गातले कोणी डोळे मिटून लिहिणार नाही.

हे अपवाद आम्ही एम.ए.ला असताना वाचले होते. परीक्षेत कोणी विचारत नाही म्हणून शिकवले नाहीत, आणि पुढे विसरलो.

या पद्धतीत वेळ फार जातो. दोन तासांच्या विषयाला सात तास लागले. धीट मुलेच पुढे येतात, म्हणून नावे आम्हांलाच ठरवावी लागली. "मग पगार कशाचा घेता?" असे एका सहकाऱ्यांनी विचारले. गप्प बसण्याचा, असे उत्तर आम्ही दिले नाही. पण त्या दोन दिवसांत सर्वांत अवघड काम तेच होते.

'शिक्षकांनी मुलांना शिकवले' हे वाक्य आम्ही अजूनही फळ्यावर लिहितो. त्यातले क्रियापद ना शिक्षकांशी जुळते, ना मुलांशी. 'ती शिकली' मध्ये मात्र ते तिच्याशी जुळते. आता दोन्ही वाक्ये शेजारी लिहितो, आणि खडू पुढच्या मुलाच्या हाती देतो.