गजग्यांचं देणं

गजगे मला आईने शिकवले नाहीत आणि आजीनेही नाही. आजीला ते उत्तम येत होते, पण ती शिकवायला बसली असती तर मी उठून पळाले असते. असले खेळ मोठ्या माणसांकडून येत नाहीत. त्यासाठी आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, आपल्याला जराशी हिडीसफिडीस करणारी आणि तरीही खेळायला घेणारी एखादी मुलगी लागते. माझ्या वाट्याला आलेली ती मुलगी बीड जिल्ह्यातली होती. ऊसतोडीला आलेल्या आईबापांसोबत आलेली. तिचं माझ्यावर ऋण आहे आणि त्याची कुठे नोंद नाही, म्हणून ती इथे करते आहे.

१९७२च्या दुष्काळाचं ते साल. वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात नोकरीला होते. कॉलनीच्या तारेच्या कुंपणापलीकडे मोठा माळ होता. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा बॉयलर पेटला की त्या माळावर बैलगाड्या येऊन सुटायच्या, बांबू रोवले जायचे आणि बघता बघता कोप्यांचं गाव वसायचं. त्या वर्षी माळ नेहमीपेक्षा जास्त भरला होता. घरचे मोठे लोक ‘तिकडे प्यायलाही पाणी नाही’ एवढंच म्हणायचे. ‘तिकडे’ म्हणजे कुठे, हे मला पुढे नकाशात कळलं.

तोडीच्या कामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची आणि ती अंगावरून फिटेपर्यंत मागे वळून बघायची सोय नसायची. अंधार असतानाच जोडी फडात जायची. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधणार आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. तान्ही आणि रांगती पोरं कोपीवर, घरातल्या थोरल्या मुलीच्या हवाली. ही तशी थोरली मुलगी. दहा-अकरा वर्षांची असेल. कमरेवर धाकटा भाऊ, हातावर उसाच्या पाचटाने कापल्याच्या पांढुरक्या रेघा. माळावरची सगळी पोरं तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्का म्हणू लागले. मी तेव्हा तिसरीत होते.

तिच्याकडे पाच गजगे होते, एका चिंधीत गाठ मारून ठेवलेले. आम्ही कॉलनीतल्या मुली खडे घेऊन खेळायचो. खरा गजगा, म्हणजे सागरगोटा, मी तिच्या हातात पहिल्यांदा नीट पाहिला. राखाडी, गुळगुळीत, टणक, आणि लक्ष देऊन पाहिलं तर अंगावर एकाभोवती एक अशा बारीक रेषा. सागरगोट्याची वेल अंगभर काटेरी. शेंगसुद्धा काट्यांची, आणि त्या शेंगेत बहुधा दोनच बिया. म्हणजे पाच गजगे जमवायचे तर निदान तीन वेळा त्या जाळीत हात घालायचा. तिच्या गावाकडे शेताच्या कुंपणाला ती वेल होती. हे बी इतकं टणक की समुद्रात पडलं तर महिनोन्‌महिने तरंगत राहतं आणि आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागतं, हे मी खूप पुढे वाचलं. तेव्हा माहीत होतं ते एवढंच, की फरशीवर जोराने घासून तो दुसरीच्या दंडाला लावला की चटका बसतो. पहिला चटका आक्कानेच मला दिला. ती आमची ओळख.

खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. चार गजगे जमिनीवर टाकायचे, पाचवा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत खालचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एका मुठीत. पण ठाऊक असणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. माझी नजर सारखी जमिनीवर जायची. आक्का म्हणायची, “खाली नगं बघू. खालचं कुटं जातंय व्हय? वरल्याकडं बघ.” म्हणजे जमिनीवरचे गजगे टाकतानाच डोळ्यांत भरून घ्यायचे आणि नंतर हाताने ते आपसूक शोधायचे. दुसरी गोष्ट तिने न बोलता शिकवली. टाकण्यातच निम्मा खेळ असतो. एकेक उचलायचे असतील तेव्हा ती मनगट झटकून गजगे लांब लांब पसरायची, म्हणजे एकाला उचलताना दुसऱ्याला धक्का लागत नाही. दोन-दोनच्या वेळी हात जमिनीलगत आणून सोडायची आणि बरोबर दोन जोड्या पडायच्या. वर टाकलेला गजगा तिच्या कपाळापलीकडे कधी गेला नाही. जास्त उंच गेला की वेळ मिळतो खरा, पण तो वाकडा पडतो आणि त्याच्यामागे धावावं लागतं. डावा हात कायम मोकळा, कारण तो भावासाठी राखलेला. तो रांगत गजग्यांकडे आला की ती डाव न मोडता त्याला कोपराने मागे सारायची.

मग कमानीचा डाव. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट जमिनीवर टेकवून कमान करायची आणि वरचा गजगा हवेत असताना खालचे एकेक कमानीतून आत ढकलायचे. आमच्या कॉलनीत कुठलाही आधी ढकलला तरी चालायचं. आक्काच्या गावात तसं नव्हतं. कोणता गजगा शेवटी ढकलायचा हे समोरची सांगणार, आणि बाकीचे ढकलताना त्याला हात लागता कामा नये. साहजिकच समोरची कमानीच्या तोंडाशी असलेला, सगळ्यांत अडचणीचा गजगा सांगायची. यावरून आमची पहिल्याच दिवशी जुंपली. ‘आमच्यात असं नसतं’ असं आमचं, आणि ‘आमच्यात असतंय’ असं तिचं. कॉलनी आमची, फरशी आमची, पण गजगे तिचे. शेवटी तिनेच तोड काढली. एक डाव तुमच्यासारखा, एक आमच्यासारखा. आठवडाभरात सगळ्या तिच्यासारखाच खेळू लागल्या, कारण तो डाव जास्त अवघड होता. मुलांच्या खेळात नियम बदलतात ते बहुतेक असे. कुणी फर्मान काढत नाही. अवघड आणि चुरशीचं ते टिकतं, मिळमिळीत ते गळून जातं.

त्या मे महिन्यात मी आजोळी मिरजेला गेले आणि मामेबहिणींना कमान शिकवली. आक्काच्या नियमासकट. त्यातली एक पुढच्या सुटीत बेळगावला तिच्या काकाकडे गेली. नंतर कधीतरी बेळगावची तिची चुलतबहीण आमच्याकडे लग्नाला आली, तर मांडवामागच्या ओट्यावर ती मला ‘शेवटचा मी सांगणार’ असं ठणकावून सांगू लागली. बीडच्या माळरानावरचा नियम पोस्टाच्या तिकिटाशिवाय बेळगावला पोचला होता, आणि वाटेत एकाही मोठ्या माणसाने त्याला हात लावला नव्हता.

या वहिवाटीचा मी पुढे पुष्कळ विचार केला. नऊ-दहा वर्षांची मुलगी सहा-सात वर्षांच्या मुलीला शिकवते आणि तीन-चार वर्षांत स्वतः त्यातून बाहेर पडते. म्हणजे खेळाची एक पिढी सरासरी तीन वर्षांची. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी, हमामा, टिपरी, फुगडी असे खेळ घेऊन रचलेले अभंग आहेत. तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होतील. तेव्हाची फुगडी आजच्या मुलीपर्यंत यायला शंभराहून जास्त वेळा ती एका पोरीच्या हातातून दुसरीच्या हातात गेली असणार. मधली एक जरी कडी निखळली असती, एका गावात तीन-चार वर्षं जरी कुणी खेळलं नसतं, तरी त्या गावापुरता तो खेळ संपला असता. ज्यांनी तो संपू दिला नाही त्या सगळ्या दहा वर्षांच्या आतबाहेरच्या होत्या. त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.

मुलग्यांच्या काही मैदानी खेळांना मोठ्यांचा आधार मिळाला. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला हुतूतूचं प्रात्यक्षिक दाखवलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी तो जिंकला, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून रडले. या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण गजग्यांना, काचापाण्याला, चल्लस-आठला कुणी पंच नेमला नाही. त्यांना मैदान नव्हतं, शिट्टी नव्हती. ते ओसरीवरचे, पायरीवरचे, कोपीच्या सावलीतले खेळ. एका हाताने भाऊ सांभाळत खेळता येणारे. ते ज्यांनी जपले त्यांना कुणी क्रीडाप्रेमीही म्हटलं नाही.

व्हिएन्नाच्या संग्रहालयात पीटर ब्रॉयगेलचं १५६० सालचं एक चित्र आहे. गावाच्या चौकात दोनशेहून जास्त मुलं ऐंशीएक प्रकारचे खेळ खेळताहेत. मी त्याची छापील प्रत पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी नजर खाली डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे दोघीजणी मेंढीच्या घोट्याच्या हाडांचे गोटे खेळत बसल्या आहेत. गर्दीकडे त्यांचं लक्ष नाही. मला चित्रकलेतलं काही कळत नाही, पण त्यांची मान कुठे वळली आहे, हात कसा टेकला आहे हे कळलं. ते कळण्याइतकी विद्या मला माळावरच मिळाली होती.

आक्काचं आणखी एक देणं सांगायचं राहिलं. मी तिच्यापेक्षा लहान, त्यात दुबळी. लगोरीत, डबा ऐसपैसमध्ये मी लगेच सापडायचे आणि कॉलनीतल्या मोठ्या मुली मला सरळ घरी पाठवायच्या. आक्का आल्यावर तिने मला लिंबूटिंबू केलं. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लिंबूटिंबू सगळ्यांसोबत पळतो, लपतो, ओरडतो, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला खेळ आतून बघायला मिळतो. चकायचं कसं, ‘टाइम प्लीज’ कधी चालतं आणि कधी चालत नाही, रडीचा डाव कशाला म्हणतात, सगळं त्याच्या कानांवर पडत राहतं. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, आता हिच्यावर राज्य आलं तर घ्यायचं. त्या दिवशी माझी छाती फुगली होती, इतकी की राज्य आलं याचंसुद्धा दुःख वाटलं नाही. कमजोराला बाहेर न काढता, त्याच्यासाठी खेळही न बिघडवता, त्याला आत घेऊन तयार करायचं, ही रीत मुलांनी स्वतः घडवली आहे. पुढे मी शिक्षिका झाले आणि नोकरीभर वर्गात तीच रीत वापरली. प्रशिक्षणांत पुष्कळ काही शिकवलं गेलं, त्यातलं थोडं उपयोगी पडलं. हे रोज उपयोगी पडलं.

आक्का मात्र शाळेत जात नव्हती. कॉलनीच्या शाळेची घंटा कोप्यांपर्यंत ऐकू जायची, पण तिच्या भावाला कोण बघणार? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या त्या बऱ्याच वर्षांनी. मी शाळेतून आले की ती मला ‘आज काय शिकीवलं’ म्हणून विचारायची आणि मी पाढे म्हणून दाखवायचे. ती मला गजगे शिकवायची आणि मी तिला पाढे. यात आम्हा दोघींनाही काही विशेष वाटत नव्हतं. आज वाटतं, आणि ते बरं वाटत नाही. माझं शिकणं पुढे चालू राहिलं, तिचं तिथेच थांबलं. जोडीशिवाय कोयता होत नाही, म्हणून तिकडे मुलींची लग्नं लवकर उरकली जात. तिचंही तसंच झालं असेल.

एप्रिलमध्ये पट्टा पडला. हंगाम संपल्याचा भोंगा झाला आणि दोन दिवसांत माळ रिकामा. पुढच्या दिवाळीला दुसरी टोळी आली, तिच्यात आक्का नव्हती.

जाताना तिचा एक हात शिकायचा राहून गेला. कमानीनंतर ती दोन गजगे एकदम वर टाकायची, खालचे तीन उचलायची आणि वरचे दोन येईपर्यंत मधे तिचा तळवा एकदा पालथा होऊन परत उताणा व्हायचा. तो कोणत्या क्षणी पालथा व्हायचा, ते मला कधी दिसलंच नाही. मी पुष्कळजणींना विचारलं. मिरजेत, पुण्यात, कोकणात. पाचही गजगे हाताच्या पाठीवर झेलणाऱ्या भेटल्या, वरून झडप घालून पकडणाऱ्या भेटल्या. हा हात कुणालाच येत नव्हता.

पाटोदा, शिरूर, केज, धारूरकडून टोळ्या अजून येतात आणि कोप्यांवर मुली अजून असतात. त्यांतल्या कुणाला आजीकडून नव्हे, थोरल्या बहिणीकडून किंवा शेजारणीकडून हा हात आला असेल, तर मला तो शिकायचा आहे. मी माळावर येईन. गजगे माझे घेऊन येईन, आणि शेवटचा कोणता ते तिने सांगावं.