स्वस्त हत्यार, चोख माप

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

चि. मनू,


आजोबांची अडगळीत पडलेली कडबाकुट्टी पुन्हा चालती करायचं तू मनावर घेतलंस, हे ताईनं फोनवर सांगितलं. केजच्या आपल्या वाड्यात गंजलं लोखंड हौसेनं उघडून बसणारी मुलगी आहे, याचा मला अभिमान वाटतो. मोजायची हत्यारं कोणती घेऊ, असं तू विचारलंस. पैसे मोजके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कुठल्या कामाला किती बारकाई लागते ते ठरव. चौकट, पत्रा, झाकण यांना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. तिथं स्टीलची पट्टी पुरे. पातं आणि त्याच्यासमोरच्या पट्टीतली फट पाहायला फिलर गेज घे. ते स्वस्त मिळतं आणि जन्मभर कामाला येतं.

शाफ्टवर 6204 बेअरिंग बसवायचं तर गोष्ट वेगळी. त्याचं भोक 20 मिलिमीटरचं. शाफ्ट त्यात घट्ट बसेल की फिरेल, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर ठरतं. डिजिटल व्हर्नियर 0.01 दाखवतो खरा, पण चांगल्या कंपनीच्या व्हर्नियरमध्येही 0.02 चा फरक धरावाच लागतो. आकडा बारीक दिसला म्हणजे माप अचूक झालं, असं नाही. व्हर्नियर रोजच्या कामाला ठेव; शाफ्टसाठी 0 ते 25 चा साधा, बिनबॅटरीचा मायक्रोमीटर घे. त्याच्या स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर आणि फिरत्या नळीवर 50 रेघा, म्हणून एक रेघ म्हणजे 0.01. नळी बोटांनी आवळू नकोस, मागच्या रॅचेटनंच फिरव. दाब दर वेळी सारखा राहतो.

हत्यार घरी आणलं की आधी त्याचीच परीक्षा घे. चांगल्या कंपनीचं नवं 6204 तुला विकत घ्यायचंच आहे. त्याचा बाहेरचा व्यास 47 मिलिमीटर. तो त्याहून मोठा नसतो आणि कमी असला तरी 0.011 पेक्षा जास्त कमी नसतो. व्हर्नियरनं तिथं 47.08 दाखवलं, तर तो दुकानदाराला परत कर. बेअरिंगच्या रुंदीवर मात्र विसंबू नकोस, तिला सूट जास्त असते. मायक्रोमीटरचं शून्य आधी बघ, मग सायकलच्या दुकानातले पाव इंची नवे छर्रे मोज, 6.35 च्या अगदी जवळचा आकडा यायला हवा. वापरलेला मायक्रोमीटर मिळाला तरी चालेल. तोंडं मिटवून उजेडासमोर धर. मधून उजेड झिरपला तर घेऊ नकोस. आणि मितुतोयोसारख्या नावाजलेल्या कंपनीच्या नावाचं हत्यार कुणी मातीमोल भावात देत असेल, तर ते नकली समज.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार कर. जगभर मापं 20 अंश सेल्सिअसला धरून दिलेली असतात. बीडमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. 42 अंशांना 100 मिलिमीटर पोलाद सुमारे 0.025 मिलिमीटरनं वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. हत्यार आणि शाफ्ट दोन्ही पोलादाचे, शिवाय एकाच तापमानाला असले, तर हा फरक जवळपास जिरून जातो. म्हणून दोन्ही रात्रभर घरात शेजारी ठेव आणि सकाळी मोज. लेथवरून उतरलेला गरम शाफ्ट मोजून निर्णय घेऊ नकोस.

वीस-पंचवीस हत्यारांचा चकचकीत संच घेऊ नकोस. पट्टी, फिलर गेज, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर एवढ्यावर कुट्टी उभी राहील. डायल गेज शाफ्टचा बाक पाहायची वेळ येईल तेव्हा घे. तेव्हाही ओळखीच्या टर्नरकडे मागितलंस तरी भागेल.

शाफ्टचं माप तीन ठिकाणी, आडवं-उभं घे आणि तारखेसह वहीत लिही. दोनदा मोजून आकडे जुळत नसतील, तर टर्नरला काम सांगू नकोस, पुन्हा मोज. लेथवर एकदा उतरलेलं लोखंड परत चढवता येत नाही.

तुझा,
मामा