अपुऱ्या व्यक्तिचित्राचा कर्ता

कोल्हापुरात सही नसलेले, अर्धवट राहिलेले जुने व्यक्तिचित्र निघाले की चित्रकार बाबूराव पेंटर यांचे नाव लगेच पुढे येते. हिरवट-पिवळी छटा आणि चेहऱ्यावरचा मऊ उजेड एवढ्या पुराव्यावर ते नाव टिकत नाही. चित्रकार आनंदराव पेंटर आणि बाबूराव हे नात्याने भाऊ; नाटकांचे पडदे दोघांनी मिळून रंगवले. विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल या शिष्यांचे हात त्यांच्याच सहवासात तयार झाले. शिष्य गुरूची चेहरा रंगवण्याची ढब आधी उचलतो, म्हणून कर्ता ठरवताना चेहरा हा सर्वांत कच्चा साक्षीदार.

इटालियन जाणकार जोव्हान्नी मोरेल्ली (१८१६–१८९१) कानाची पाळी आणि नखे तपासायचा. तिथे हात सवयीने चालतो. पण अपुऱ्या चित्रात कान म्हणजे एक रेघ, हात म्हणजे पुसट आकार. मग रंगाखाली जावे लागते. अवरक्त छायाचित्रात कोळशाचे रेखाटन दिसते. कोणी डोळ्यांपासून निघतो, कोणी सावलीचे मोठे भाग आधी मांडतो. मात्र गुरूशेजारी बसून शिकलेल्याकडे हा क्रमही जसाच्या तसा येतो. कोल्हापूरची खरी अडचण हीच आहे.

रंगद्रव्याची साक्ष अधिक कडक, पण तिचा आवाका लहान. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती १९२०च्या सुमारास आला; आनंदराव १९१६ सालीच गेले होते. तो मूळ थरात असेल तर आनंदराव बाद होतात. नंतरच्या डागडुजीत असेल तर काहीच सिद्ध होत नाही. बाबूराव १९५४पर्यंत हयात होते, म्हणून चित्र त्यांचेच असेही त्यातून ठरत नाही. रसायन नाव खोडते, देत नाही.

नाव देण्याची हाव जाणकाराला असतेच. मोठे नाव ओळखल्याचा मान त्यालाही मिळतो, आणि त्या मोहात संशयाच्या जागा झाकल्या जातात. विक्रीसाठी अपुरा कोट, रिकामी पार्श्वभूमी भरून घेणे हे त्याहून वाईट. कर्त्याने जिथे हात थांबवला तिथला पुरावाच त्यामुळे नष्ट होतो. पुरावा अपुरा असेल तर ‘कोल्हापूर परंपरा, कर्ता अनिश्चित’ एवढेच लिहावे. घरात असे चित्र असेल तर मागच्या बाजूचे शिक्के, अक्षरे आणि चौकट जपावी, आणि ते कोणाकडूनही पुरे करून घेऊ नये.