‘अप टू’

रेंज फुल्ल, तरी संध्याकाळी डेटा सरपटतो. फोनवरच्या काड्या सिग्नल किती जोरात पोचतो ते सांगतात. त्याच टॉवरवर आणखी किती जण बसलेत, ते नाही. बेंगळुरूतल्या आमच्या गल्लीत रात्री दोनला वेग भरपूर, आठला नावालाही नाही.

ग्राहक सेवेशी कन्नडमध्ये बोलले. ‘रीस्टार्ट माडी, मॅडम.’ तीनदा केला. दुसऱ्या दिवशी इंग्रजी संदेश: तक्रारीचं निवारण करण्यात आलं आहे. कुणी केलं, कसं? कर्मणी प्रयोगात कर्ता छान लपतो.

धारवाडच्या ज्या लेखिकेची कादंबरी मी मराठीत आणतेय, त्या ब्याऐंशी वर्षांच्या. मराठी त्यांना चांगलं कळतं, पण मसुदा त्यांना ऐकायचाच असतो. कान मंद झालेत, त्यामुळे साधा फोन चालत नाही. माझे ओठ दिसावे लागतात. चित्र गोठतं ते नेमकं वाक्याच्या शेवटी, आणि आपलं क्रियापद तिथेच. नायिका माहेरी गेली की राहिली, त्यांना कळत नाही. ‘मुंदे?’ त्या विचारतात. पुढे काय?

पुन्हा फोन केल्यावर कंपनीने प्लॅनमधला ‘अप टू’ दाखवला. ‘पर्यंत’मध्ये शून्यही बसतं!

ट्राय व्यक्तिगत तक्रारी घेत नाही. मात्र तिच्या 2012च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तारीखवार वेगाचे आकडे जोडून अपील केलंय. निकालाची मुदत 39 दिवस. कादंबरीची चार प्रकरणं वाचायची उरलीत.