मार्चचे बिल
परवा एका नव्या लेखापालाने विचारले, "सर, माल अजून आलेला नाही, पण साहेब म्हणतात, बिल ३१ मार्चपूर्वी काढा. काय करू?" वर्षअखेरीची खर्चाची घाई हा वित्तीय औचित्याचा भंग होय, हा सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम ६२ प्रशिक्षणात त्याने पाठ केला होता. मात्र तो वरिष्ठांना लेखी कसा कळवावा, हे कोणी शिकवले नव्हते. (आम्हालाही नाही. तरुणपणी अशाच एका बिलावर मी मुकाट्याने सही केली; तो ऑडिट पॅरा नऊ वर्षे माझ्या पाठीशी होता.) आम्ही दोघांनी बसून टिप्पणी लिहिली: वस्तुस्थिती, नियम, निधी समर्पित करण्याचा प्रस्ताव. चारच ओळी. सही करताना त्याचा हात किंचित थरथरला.